शंभराचा पट शाळेचा नको, केंद्राचा मोजा : नागपूरच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एक खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नागपूर

विषय : महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांना केंद्रनिहाय पगारी समुपदेशक मिळण्याबाबत

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाच्या आधारे हे पत्र लिहिते आहे. विशाखापट्टणमला राहून नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने तपास सीबीआयकडे दिला आणि सोबतच देशभरातल्या शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लास, वसतिगृहं या सगळ्यांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. याविषयी कायदा होईपर्यंत ती सर्वांवर बंधनकारक आहेत. त्यांतल्या एका तत्त्वानुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता असायला हवा. पट शंभराच्या आत असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करून द्यायची. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारी जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असावी, असंही न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून हे पत्र मंत्रालयात न पाठवता तुम्हा तिघांना लिहिते.

निकाल मोलाचा आहे, पण आमच्या जिल्ह्यातली मुलं त्या शंभराच्या आकड्यापाशी अडकतात. वर्धा रोडवरच्या किंवा कोराडी रोडवरच्या मोठ्या खासगी शाळेचा पट हजाराच्या वर असतो. तिथे समुपदेशक नेमणं सोपं, फी घेऊन नेमतातही. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट कुठे बावीस, कुठे चाळीस, कुठे सत्तर. पारशिवनी, रामटेक, कुही, भिवापूरकडे आत शिरलात की दोन शिक्षकी शाळा लागतात. या सगळ्या शाळा शंभराच्या आतल्या. त्यांच्या वाट्याला येते ती ‘बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडणी’, आणि जोडणी म्हणजे काय हे कुणी ठरवून दिलं नाही तर तो ऑफिसातल्या भिंतीवर चिकटवलेला एक फोन नंबर होतो. ज्या मुलांना माणसाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच नियमाने माणूस मिळत नाही.

माझी मागणी एका वाक्यात सांगते. शंभराचा पट शाळेगणिक मोजू नका, केंद्रागणिक, म्हणजे जवळजवळच्या दहा-बारा शाळांच्या गटागणिक मोजा, आणि प्रत्येक केंद्राला एक पगारी, पात्र, कायम तोच राहणारा समुपदेशक द्या, जो प्रत्येक शाळेत ठरलेल्या वारी येईल.

नोकरीची बरीच वर्षं मी खेड्यातल्या शाळांत काढली, शेवटची शहराच्या कडेला. आता निवृत्त आहे. शाळेचं नाव इथे देत नाही, कारण मी सांगते त्या गोष्टी एका शाळेच्या नाहीत.

सातवीत एक मुलगी होती. अभ्यासात बरी, अक्षर सुंदर. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि नेहमी खिचडीच्या सुट्टीनंतर. “म्याडम, पोट दुखून राह्यलं जी, घरी जाऊ द्या न.” आम्ही ओआरएस दिलं, ओवा दिला, आईला निरोप पाठवला. आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी तपासलं, जंताची गोळी दिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा तिचं वजन-उंची झाली, डोळे, दात, हिमोग्लोबिन पाहून झालं. कार्ड भरलं गेलं. पोट दुखायचं थांबलं नाही. शेवटी उलगडा केला तो खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्या तिच्याच वस्तीत राहत. बाप दुपारी पिऊन घरी यायचा, आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या खुडायच्या जागी कामाला, आणि घरात चार वर्षांचा भाऊ एकटा. मुलगी खिचडीतला अर्धा वाटा डब्यात घालून घरी पळायची, भावाला खाऊ घालून बाप झोपेपर्यंत त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसायची. घरून निघताना तिच्या पोटात गोळा यायचा तो खराच होता. ती खोटं बोलत नव्हती.

मुलांचा ताण असाच शरीरातून बोलतो. पोट दुखणं, डोकं दुखणं, रात्री अंथरूण ओलं होणं, वर्गात झोप लागणं. लहान मुलगा उदास असला तर रडतोच असं नाही. तो चिडतो, मारामारी करतो, वही फाडतो. आपण त्याला खोडकर म्हणतो आणि बाकाच्या टोकाला बसवतो. ज्याला अक्षरं उलटी-सुलटी दिसतात, त्याला ‘ढ’ म्हणतो. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मोडते, मानसिक आजारही त्यातच येतो. पण चौथीतल्या मुलाची अडचण कुणीतरी आधी ओळखावी लागते. ओळखणारा माणूस शाळेत नसतो.

मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे दहावी-बारावीच आठवते. फेब्रुवारी आला की परीक्षेच्या ताणावर लेख येतात, मंडळाकडून समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर होतात, मार्च संपला की विषयही संपतो. परीक्षेचा ताण खोटा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. एनसीईआरटी या केंद्राच्या शालेय शिक्षण संस्थेने २०२२ मध्ये पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली, त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. पण महापालिकेच्या शाळेत येणाऱ्या मुलाला परीक्षेच्या अलीकडेही पुष्कळ काही सोसावं लागतं. आठवीतला मुलगा पहाटे कळमन्याच्या बाजारात गाडीतून भाजी उतरवून शाळेत येतो आणि पहिल्या तासाला डुलक्या घेतो. छत्तीसगडहून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबाची मुलगी वर्गात गप्प राहते, कारण तिच्या बोलण्याला मुलं हसतात. कुणाच्या जातीवरून टोमणे असतात. कुणाच्या बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी ठरलेलं असतं आणि आता आपला नंबर हे तिला कळलेलं असतं. काटोल-नरखेडकडे ज्या घरातल्या शेतकऱ्याने जीव दिला, त्या घरातलं लेकरू तेराव्यानंतर शाळेत परत येतं, त्याला आम्ही गणवेश देतो, वह्या देतो, आणि पुढचा धडा शिकवायला घेतो. त्याच्याशी बापाबद्दल काय बोलावं, बोलावं की नाही, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालात २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळलं होतं. चाळीस मुलांच्या वर्गात हे जवळजवळ तीन मुलांना लागू होतं. आणि हा हिशेब आजाराचा आहे. माझ्या त्या सातवीतल्या मुलीला आजार नव्हता, ती या टक्केवारीत कुठेच नाही. तिला फक्त कुणीतरी नीट विचारायला हवं होतं, आणि विचारून झाल्यावर आईला गाठणं, भावाला अंगणवाडीत घालणं, बापाला व्यसनमुक्तीच्या उपचारांना नेणं यासाठी हातपाय हलवायला हवे होते.

हे काम शिक्षकांनीच करावं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२० मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम आला, त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचं ठरलं. कार्यक्रमाच्या अकरा विषयांत भावनिक व मानसिक आरोग्य हा विषयही आहे. कल्पना चांगली. पण दोन शिक्षकी शाळेत दोनच शिक्षक असतात. तेच दोघे आरोग्यदूत, त्यांतलाच एक मुख्याध्यापकाचा प्रभारी, दुसरा बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांचं काम करणारा. खिचडीचा हिशेब, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधारची दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि दुपारी तीनला ग्रुपवर येणारी ‘ही लिंक आजच भरावी’. चार वर्ग दोघांत वाटून शिकवायचे ते वेगळंच. अशा शिक्षकाला आपण सांगतो की एका मुलाला बाजूला घेऊन पाऊण तास त्याचं ऐका. त्या पाऊण तासात उरलेले पस्तीस जण कुणी सांभाळायचे?

वेळ मिळाला तरी दुसरी अडचण राहतेच. शिक्षक मार्क देतो, रागावतो, घरी निरोप पाठवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे, तरी छडी सगळीकडून गेली आहे असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. ज्याच्या हातात छडी किंवा मार्क आहेत, त्याच्यापाशी मूल आतलं बोलत नाही. कधीकधी तर बोलायचं असतं ते शिक्षकाबद्दलच. ऐकणारा माणूस शाळेतला असावा, पण शिक्षक नसावा, हे मला अगदी मनापासून वाटतं.

शिक्षकाचं काम त्याच्या आधीचं आहे. मूल बदललं हे सगळ्यात आधी त्याला दिसतं. न्यायालयाच्या निकालात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे. ते ऑनलाइन व्हिडिओ आणि प्रमाणपत्रावर उरकू नका. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, जिथे आम्ही एरवी गणिताचं साहित्य आणि निपुण भारतचे तक्ते बघतो, तिथे खरा समुपदेशक समोर बसून खऱ्या अडचणींवर बोलू दे. स्वतःला इजा करणारं मूल समोर आलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, काय बोलायचं नाही, कुणाला फोन करायचा, हे प्रत्येक शिक्षकाला पाठ असायला हवं. आजही कित्येक शिक्षक पोलिसांच्या भीतीने असं प्रकरण दाबून टाकतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असंच मानायचं असतं, तिला शिक्षा करायची नसते, उपचार आणि आधार द्यायचा असतो. ही एवढी गोष्ट शाळांत पोचली तरी मुलं वाचतील. खिचडीच्या मावशींनाही त्या प्रशिक्षणात बसवा. वस्तीतलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता नागपूरचं. मनाच्या उपचारांच्या बाबतीत विदर्भातलं हे सगळ्यात संपन्न शहर आहे. मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मिहानला एम्स आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे. सिव्हिल लाइन्समध्ये तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आणि बजाजनगरला मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था, दोन्हीकडून दरवर्षी एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली बाहेर पडतात आणि कामाच्या शोधात पुणे-मुंबईला जातात. माणसं इथे आहेत, शिक्षण इथे आहे. फक्त शाळेच्या दारापर्यंत येणारी वाट नाही.

मुलाला या मोठ्या ठिकाणी न्यायचं म्हटलं तर काय होतं ते ऐका. भिवापूरकडच्या आईला सकाळची एसटी धरावी लागते, एका दिवसाची मजुरी बुडते, शहरात उतरून ऑटो, मग चिठ्ठीची रांग. तपासणी होते, पुढची तारीख मिळते. दुसऱ्या खेपेला ती येत नाही. यात दवाखान्याचा दोष नाही, तिथले डॉक्टर मरेस्तोवर रुग्ण तपासतात. अंतराचा आणि मजुरीचा हा प्रश्न आहे. शिवाय भीती असते. एका वडिलांना मी मुलाला मानसोपचार विभागात दाखवायला सुचवलं तेव्हा ते उभेच राहिले. “माह्या पोराले पागलखान्यात धाडता का म्याडम?” शाळेतल्याच एखाद्या खोलीत, ज्या वाटेने तो पोरगा रोज येतो त्याच वाटेने येऊन, कुणा ताईशी किंवा दादाशी बोलणं झालं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. आणि ज्या थोड्या मुलांना खरंच डॉक्टर लागतो, त्यांना ती ताई हाताला धरून घेऊन गेली असती.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. न्यायालयाने असे क्रमांक वर्गात आणि सगळ्यांना दिसेल तिथे लावायला सांगितलं आहे. जरूर लावा, मुलांच्या मदतीचा १०९८ ही लावा. पण अकरा वर्षांच्या मुलीकडे फोन कुठे असतो? घरातला एकमेव फोन बापाच्या खिशात असतो, आणि बोलायचं असतं बापाबद्दल. नंबरच्या खाली शाळेचा एक फोन ठेवा, दार लोटून बोलता येईल अशा जागी, आणि तो वापरायला कुणाला कारण विचारू नका.

ठरलेला वार आणि तोच माणूस, यावर मी इतका जोर का देते, ते एका अनुभवातून सांगते. आमच्या शाळेत एका वर्षी समाजकार्याचं शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्याला आली होती. दर गुरुवारी यायची. पाचवीतला एक पोरगा होता, दगड मारायचा, कुणाशी पटायचं नाही. पहिले काही गुरुवार तो तिच्याकडे फिरकला नाही. ती त्याला बोलवायचीही नाही. मैदानाच्या कडेला बसून बाकीच्या पोरांशी कंचे, म्हणजे गोट्या खेळायची. मग एक दिवस तो येऊन तिचा नेम कसा चुकतो ते सांगायला लागला. त्यानंतर खेळता खेळता एकेक वाक्य बाहेर यायला लागलं. आई घर सोडून गेली होती. आपण मस्ती केली म्हणून ती गेली, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याने ते धरून ठेवलं होतं. टेबलाच्या पलीकडे बसवून “बाळा, तुझा काय प्रॉब्लेम आहे?” असं विचारल्यावर हे कधीच बाहेर आलं नसतं. मार्चमध्ये तिचं क्षेत्रकार्य संपलं. पुढच्या वर्षी दुसरी विद्यार्थिनी आली, वेगळ्या वारी, वेगळ्या विषयावर. तो पोरगा नव्या सत्रात कितीतरी गुरुवारी फाटकाशी उभा असायचा. “ते ताई नाही येत का जी आता?”

म्हणून विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य ही मदत समजा, नेमणूक समजू नका. ज्या मुलाला आधीच एक माणूस सोडून गेलं आहे, त्याच्यासमोर दरवर्षी नवा माणूस उभा करणं क्रूर आहे.

तुमच्या कार्यालयांच्या भाषेत हिशेब मांडायचा तर असा. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा असतात. सोमवार ते शुक्रवार, सकाळी एक शाळा, दुपारी एक. दहा शाळा झाल्या. शनिवारी सकाळी केंद्रशाळेत, पालकांसाठी आणि नोंदींसाठी. शहरात महापालिकेच्या जवळजवळच्या शाळांचा असाच गट करता येतो. मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही माध्यमं आहेत, तर मोमिनपुऱ्यातल्या किंवा टेका नाक्याकडच्या मुलींशी त्यांच्या भाषेत बोलणारी बाई तिथे हवी, हे गट करतानाच पाहा. ज्या शाळेचा पट शंभरावर आहे तिथे निकालाप्रमाणे पूर्णवेळ माणूस द्यावाच लागेल, माझ्या केंद्राच्या मागणीने ती जबाबदारी कमी होत नाही. पात्रता निकालाने सांगितली आहे, त्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसतो, म्हणजे माणसं मिळत नाहीत ही सबब नागपुरात चालणारी नाही. तासिकेवर नेमू नका. अकरा महिन्यांची ऑर्डर आणि चार महिने मानधन थकलेलं, असा माणूस दुसऱ्याचं काय ऐकणार? आणि कृपा करून त्याला बीएलओ करू नका, सर्वेक्षणाला पाठवू नका, त्याच्याकडे कुठलीही लिंक भरायला देऊ नका.

पैशाचं उत्तरही जिल्ह्यातच आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. नागपूर हा कोळशाचा आणि मँगनीजचा जिल्हा आहे. उमरेड, सावनेर, पारशिवनी, रामटेक या तालुक्यांतून खनिज निघतं आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. खाणीने बाधित भागात आरोग्य आणि शिक्षण हे त्या निधीचे प्राधान्याचे विषय आहेत. या निधीतून इमारती, रस्ते, डिजिटल बोर्ड होतात, तसा खाणीच्या गावातल्या मुलांचं ऐकणारा माणूसही व्हावा. सुरुवात तिथून केली तरी चालेल.

गुप्ततेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चांगल्या योजना इथेच बिघडतात. मूल काय बोललं हे मुख्याध्यापकांच्या रजिस्टरमध्ये येता कामा नये. ‘समस्याग्रस्त विद्यार्थ्यांची यादी’ नावाचा तक्ता कुठल्याही ग्रुपवर फिरता कामा नये. समुपदेशनाचे फोटो काढू नका, जिओटॅग फोटो मागू नका; रडणाऱ्या मुलीचा फोटो अहवालाला जोडलेला मी पाहिला आहे. किती मुलं भेटली एवढा आकडा कार्यालयाला पुरे. एका बाबतीत मात्र गुप्तता नाही: लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती कळवावीच लागते, आणि हे मुलाला बोलणं सुरू होण्याआधीच सोप्या शब्दांत सांगायला हवं, म्हणजे पुढे त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगितलं आहे. समुपदेशकाला त्या समितीत जागा द्या. तक्रारपेटी उघडायची वेळ येण्याआधी मूल ज्याच्याकडे जाऊ शकतं, असा माणूस त्या समितीत असू दे.

१० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन साजरा होतो. पाहुणे येतात, तासभर भाषण होतं, पाचशे मुलं उन्हात बसतात, चित्रकलेची स्पर्धा होते. त्या दिवशी एखाद्या मुलाला पहिल्यांदाच कळतं की आपल्याला जे होतं त्याला नाव आहे, त्यावर इलाज आहे. दुसऱ्या दिवशी तो कुणाकडे जाणार, याची सोय नसेल तर असं भाषण न झालेलं बरं. तीच गोष्ट प्रश्नावल्यांची. मुलांना ‘तुम्हाला कधी जगू नये असं वाटतं का’ असं विचारून कागद गोळा करायचे आणि होय लिहिलेल्या मुलाकडे कुणीच परत जायचं नाही, हे कुणाच्याही बाबतीत होऊ नये. विचारायचं असेल तर त्याच आठवड्यात भेटणारा माणूस आधी नेमा.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी निदान काही केंद्रांत हा माणूस हजर असावा, एवढ्यासाठी आजपासून काम सुरू व्हायला हवं. माझ्या तुम्हाला नेमक्या विनंत्या अशा आहेत: जिल्हा समितीच्या बैठकीची तारीख आणि इतिवृत्त लोकांसमोर ठेवा, त्या समितीवर जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतल्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना घ्या, फक्त मोठ्या संस्थांच्या संचालकांना नको, प्रत्येक तालुक्यातलं एक आणि शहरातल्या प्रत्येक झोनमधलं एक केंद्र निवडून तिथल्या नेमणुकांची जाहिरात मार्चच्या आत काढा, आणि शंभरपेक्षा कमी पटाच्या शाळांची जोडणी नेमकी कुठल्या माणसाशी, कुठल्या वारी, हे शाळेच्या नावासमोर लिहून प्रसिद्ध करा.

या कामात निवृत्त शिक्षकांचा उपयोग होणार असेल तर आम्ही बऱ्याच जणी तयार आहोत. समुपदेशन आम्हाला येत नाही आणि ते आम्ही करणार नाही. पण समुपदेशक मुलाशी बोलत असेल तेव्हा त्याचा वर्ग सांभाळू, लेकराला दवाखान्यात न्यायचं असेल आणि आईला मजुरी सोडता येत नसेल तर तिच्या परवानगीने सोबत जाऊ, वस्तीत घरं ओळखीची आहेत तिथे दार उघडून देऊ. समितीची पहिली बैठक कधी आहे ते कळवा, आम्ही येतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नागपूर